नऊ वेळा गुलामचोर

"ओढा की लवकर," मी म्हणाले आणि हातातली पाच पानं पंख्यासारखी उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यातलं मधलं पान मी बाकीच्यांपेक्षा जरासं वर सरकवून ठेवलं होतं. जरासंच. मुद्दाम केलंय असं वाटू नये इतपत.

माळवद्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि माझ्या पानांकडं बघत राहिले. त्यांचं बोट पहिल्या पानावर आलं, दुसऱ्यावर आलं, आणि मग त्यांनी नेमकं ते वर आलेलं पान उचललं. इस्पिकचा गुलाम. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही, पण मला मात्र इतका वेळ पोटात धरून ठेवलेलं काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. डाव संपला तेव्हा सगळ्यांचे हात रिकामे होते आणि माळवद्यांच्या हातात तो एकटा गुलाम होता.

"दाजी, पहिल्याच डावात चोर झाला की ओ," मामा म्हणाला, आणि मामी काजळाची डबी आणायला आत गेली.

ही गोष्ट ब्याऐंशी सालच्या मे महिन्यातली. मी अकरा वर्षांची होते आणि साखर कारखान्याच्या कॉलनीत मामाच्या क्वार्टरमध्ये राहत होते. मामा बॉयलरवर फोरमन होता. मे महिन्यात हंगाम संपलेला असायचा, चिमणी थंड पडलेली असायची, तरी मळीचा तो आंबूस गोड वास कॉलनीतून हलायचा नाही. पत्र्याच्या छपराखाली दुपारी बसवत नसे. मग मामी व्हरांड्यात पाणी मारायची, पोत्यांचे पडदे ओले करून सोडायची आणि सतरंजी अंथरायची. जेवणं उरकून सगळे तिथं जमले की मामा कोनाड्यातून पत्त्यांचा जोड काढायचा.

आमच्या घरात पत्ते वर्षातून एकदाच निघायचे आणि खेळ एकच असायचा. गुलामचोर. चारपैकी तीन गुलाम बाजूला काढायचे, एक ठेवायचा. पानं वाटून झाली की ज्याच्या त्याच्या जोड्या टाकायच्या आणि मग प्रत्येकानं आपल्या उजवीकडच्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं. जोडी जमली की टाकायची. शेवटी त्या एकट्या गुलामाला जोडीदार नसतो, म्हणून तो ज्याच्या हातात उरेल तो चोर. चोराला काजळाच्या मिशा काढायच्या आणि दाराच्या आतल्या बाजूला त्याच्या नावापुढं खडूनं एक रेघ ओढायची. पाच दिवस खेळ चालायचा. शेवटच्या दिवशी ज्याच्या रेघा जास्त, त्यानं मिशा तशाच ठेवून कॉलनीच्या दुकानात जायचं आणि सगळ्यांसाठी लिमलेटच्या गोळ्या आणायच्या. आदल्या वर्षी मामावरच ती पाळी आली होती. बॉयलरवरची त्याच्या हाताखालची चार माणसं नेमकी दुकानासमोर उभी होती. पुढं महिनाभर ती त्याच्याशी बोलताना ओठांवरून हात फिरवायची.

खेळायला सात जण होतो. मामा, मालनमामी, त्यांचा पंधरा वर्षांचा विलास, आठ वर्षांची बेबी, मी, आई आणि माळवदे. मामा माझ्या उजवीकडं बसायचा आणि माळवदे डावीकडं. म्हणजे मी मामाच्या हातातलं पान ओढायचं आणि माळवद्यांनी माझ्या हातातलं.

माळवदे म्हणजे आईचे नवरे. फेब्रुवारीत कोल्हापुरात रजिस्टर पद्धतीनं लग्न झालं होतं.

माझे वडील याच कारखान्यात फिटर होते. मी सात वर्षांची असताना काविळीनं गेले. आईनं कोल्हापुरात नर्सिंगचं शिक्षण घेतलं, तिथंच नोकरीला लागली आणि मला मामाकडं ठेवलं. दर शनिवारी ती साडेचारच्या गाडीनं मला भेटायला यायची आणि रविवारी संध्याकाळी परत जायची. अशी तीन वर्षं. माळवदे कोल्हापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या लावायच्या, माइकवरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. एकदा साडेचारची गाडी रद्द झाली आणि आई चौकशीच्या खिडकीशी उभी राहून रडली, तिथून त्यांची ओळख झाली म्हणे. मला या सगळ्यात एकच गोष्ट दिसत होती. आई दर शनिवारी माझ्यासाठी म्हणून निघायची, आणि त्याच वाटेवर तिला हा माणूस भेटला होता. आपणच त्यांची गाठ घालून दिली, असं मला वाटायचं आणि त्याचा फार राग यायचा.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत मी कोल्हापूरला राहायला जायचं की मामाकडंच राहायचं, ते ठरायचं होतं. आईनं एवढंच सांगितलं होतं, की तुझं तू ठरव, मी आग्रह करणार नाही. मेमध्ये ती दोघं पाच दिवसांसाठी आली. ती यायच्या आदल्या दिवशीच मी मामीला सांगून टाकलं होतं की मी इथंच राहणार. मामी पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा लाटायला लागली.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं. या माणसाला पाच दिवसांत इतका नामोहरम करायचा, की पुन्हा त्यानं या घरात पाऊल टाकू नये.

आणि ते सोपं निघालं. गुलाम माझ्याकडं आला की मी तो थोडा वर सरकवायची, आणि माळवदे तोच उचलायचे. पहिल्या दिवशी दोनदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा. विलास कपाळावर हात मारून घ्यायचा. इतका साधा माणूस स्टँडवर गाड्या कशा सोडतो, असं तो मला हळूच म्हणालासुद्धा.

पण माझा एक अंदाज पार चुकला. मला वाटलं होतं, माळवदे वैतागतील, नाहीतर ओशाळतील. झालं भलतंच. तिसऱ्यांदा चोर झाल्यावर ते मिशांसकट उभे राहिले, मूठ तोंडासमोर धरली आणि माइकवरच्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गुलामचोर जलद गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. या गाडीत एकच प्रवासी असून तो गेले दोन दिवस उतरायला तयार नाही."

मामा हसता हसता सतरंजीवर आडवा झाला. बेबीला उचकी लागली. आणि आई हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ते हसणं ऐकून मी जागच्या जागी थिजले. मला ते ओळखीचं होतं, पण कुठलं ते आठवेना. मग आठवलं. वडील होते तेव्हाचं.

त्या आठवड्यात आई घराबाहेर पडत नव्हती. पाण्याला मामी जायची, दळण विलास आणायचा. बुधवारी शेजारच्या घोरपडेकाकू नातवाच्या बारशाचं बोलावणं करायला आल्या. आई व्हरांड्यातच तांदूळ निवडत बसली होती. काकूंनी उंबऱ्याशी उभं राहून मामीला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "मालन, तू आणि पोरं या संध्याकाळी." आईकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वडील होते तेव्हा याच काकू दर हरतालिकेला आईला घेऊन जायच्या. त्या गेल्यावर मामी काहीतरी बोलायला लागली, पण आई म्हणाली, "असू दे वैनी," आणि सुपातले खडे वेचत राहिली. माळवदे खुर्चीवर पेपर वाचत होते. त्यांनी बराच वेळ पान उलटलं नाही.

बारशाला आम्ही कुणीच गेलो नाही.

गुरुवारपर्यंत माळवद्यांच्या सात रेघा झाल्या होत्या. विलासच्या चार, मामाच्या तीन, बाकीच्यांच्या एक-दोन. माझ्या नावापुढं एकही नव्हती. त्या दिवशी मात्र मला शंका यायला लागली. बेबीची एक खोड घरात सगळ्यांना ठाऊक होती. ती पान ओढताना नेहमी कडेचंच ओढायची. ती माळवद्यांच्या डावीकडं बसायची, म्हणजे त्यांच्या हातातला गुलाम तिच्या गळ्यात मारणं काहीच अवघड नव्हतं. मी तिरक्या नजरेनं पाहिलं, तर माझ्याकडून ओढलेला गुलाम त्यांनी पानांच्या अगदी मधोमध खोचला.

पुढच्या वेळी गुलाम माझ्याकडं आला तेव्हा मी तो खाली दाबून ठेवला आणि चौकटची राणी वर सरकवली. त्यांचं बोट राणीवर आलं, क्षणभर थांबलं, पुढं सरकलं आणि खाली दाबलेला गुलाम घेऊन गेलं.

माझी कानशिलं तापली. म्हणजे पहिल्या दिवसापासून या माणसाला सगळं कळत होतं. मी त्यांची फजिती करतेय असं मला वाटत होतं आणि इकडं ते माझी मजा बघत होते. डाव संपला, मिशा झाल्या, आठवी रेघ ओढली गेली. सगळे चहाला आत गेले तेव्हा माळवदे मागच्या दारी मोरीशी बसून ओठांवरचं काजळ खोबरेल तेलानं पुसत होते. मी जाऊन समोर उभी राहिले.

"तुम्हाला माहीत असतं ना, गुलाम कुठं आहे ते?"

त्यांनी वर बघितलं. खोटं बोलायचा त्यांनी प्रयत्नच केला नाही. "असतं," म्हणाले.

"कसं काय?"

"गुलाम आला की तू श्वास धरून बसतेस. जाईपर्यंत सोडत नाहीस. मग बोट फिरवताना तुझ्या डोळ्यांकडं बघितलं की कळतं."

"मग कळतंय तर घेता कशाला?"

त्यांनी बोटांवरचं तेल चोळून पुसलं.

"लग्नाच्या दिवशी तू अशीच उभी होतीस," ते म्हणाले. "त्या ऑफिसात, खांबाला टेकून. सकाळपासून दुपारपर्यंत श्वास धरून. मी सह्या करत होतो आणि तुझ्याकडं बघत होतो. तेव्हा काय करावं ते मला सुचलं नाही. इथं निदान एक पान तरी उचलता येतंय."

रागावायला म्हणून आले होते, तो राग कुठं ठेवावा ते समजेना. शेवटी मी म्हणाले, "उजवीकडं अजून काळं आहे."

त्यांनी तिथं बोट फिरवलं. "गेलं?"

"नाही. अजून थोडं वर."

शुक्रवार शेवटचा दिवस. सकाळीच आईनं बॅगा भरायला घेतल्या. तिच्या आणि त्यांच्या. माझे कपडे कपाटात तसेच होते. तिनं ते कपाट एकदा उघडलं, माझा फ्रॉक उगीच पुन्हा घडी करून ठेवला आणि दार लावलं. मी खिडकीतून बघत होते, हे तिला माहीत नव्हतं.

दुपारी खेळायला बसलो. पहिल्या डावात माळवद्यांच्या नऊ रेघा झाल्या. शिक्षा कुणाला ते आता ठरल्यातच जमा होतं, म्हणून मामा म्हणाला, की एक शेवटचा डाव खेळू आणि उठू. त्या डावात मामाच्या हातातून माझ्याकडं पुन्हा गुलाम आला.

माझ्या हातात तीनच पानं होती. मी ती समोर धरली. माळवद्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांचा हात सरळ गुलामावर गेला. मी पान सोडलं नाही.

त्यांनी जरा ओढलं. मी आणखी घट्ट धरलं.

"सोड की," ते हळूच म्हणाले.

"दुसरं घ्या."

"हेमा, नियम आहे. धरलेलं पान द्यायचं असतं."

"दुसरं घ्या म्हणते ना."

विलास ओरडायला लागला, की असलं चालत नाही, चोरी आहे ही. मामानं त्याला हातानं गप्प केलं. माळवद्यांनी गुलाम सोडला आणि कडेचं पान घेतलं. पुढं काय झालं ते सांगायला नको. माझ्याकडून फक्त त्यांनीच ओढायचं होतं आणि ते काही केल्या गुलामाला हात लावेनात. डाव संपला तेव्हा गुलाम माझ्या हातात होता. पाच दिवसांत पहिल्यांदा. मामीनं माझी हनुवटी धरून मिशा काढल्या. तिचा हात नेहमीपेक्षा हळू चालला होता. माझ्या नावापुढं पहिली रेघ लागली.

तेवढ्यात चारचा भोंगा झाला.

भोंगा झाला म्हणजे दुरुस्तीच्या कामावरची पाळी सुटली. आता दुकानासमोर माणसं जमणार, बायका नळावर येणार. आधीच्या वर्षी हीच तर गंमत होती. मामानं भोंगा ऐकला, आईकडं बघितलं आणि पत्ते गोळा करत म्हणाला, "दाजी, यंदा शिक्षा राहू दे. विलास आणंल गोळ्या."

"का?" माळवद्यांनी विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मामाची माणसं मामाला हसली होती ते वेगळं. यांच्याकडं बघून कोण काय बोलेल, ते सांगता येत नव्हतं.

"नको," आई खाली बघत म्हणाली. "लोक आधीच बोलतात."

"बोलू देत. माझ्या नऊ रेघा आहेत," माळवदे म्हणाले. त्यांनी ओठांवरच्या मिशा चाचपून पाहिल्या, खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला घातल्या. आवाजात माइक नव्हता. पायरी उतरताना त्यांनी एकदा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि मला दिसलं, की आता श्वास त्यांनी धरला होता.

मी उठले. "मी पण येते. मी पण चोर आहे."

"तुझी एकच रेघ आहे," विलास म्हणाला.

"असू दे."

मी चपला शोधत होते तेव्हा मागून काजळाच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर आई उभी होती. तिनं बोट डबीत बुडवलं, आरशात न बघताच नाकाखाली एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं ओढलं, पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

मामी एवढंच म्हणाली, "मग माझ्याच तोंडाला काय झालंय?" माळवदे पायरीशी थांबले आणि पाच मिनिटांत सातही जणांना मिशा होत्या. मामाला खऱ्या मिशा होत्या, तर बेबीनं त्या कानापर्यंत वाढवून दिल्या.

कॉलनीचा तो रस्ता दीडशे पावलांचा असेल. मी मधे होते, एका बाजूला आई आणि एका बाजूला माळवदे. आईचा हात मी धरला होता. तो गार पडला होता. नळावरच्या बायका आम्हाला बघून एकदम गप्प झाल्या. हंडा भरून वाहायला लागला तरी कुणी हात लावेना. घोरपडेकाकू सगळ्यांत पुढं होत्या. त्यांनी आईकडं पाहिलं, तिच्या मिशांकडं पाहिलं, मग मामाच्या कानापर्यंत गेलेल्या मिशांकडं पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. ते आधी थरथरले आणि मग त्यांना आवरेना. कमरेवर हात ठेवून त्या हसत सुटल्या.

"अगं इंदू," त्या म्हणाल्या, "काय गं हा अवतार?"

पाच दिवसांत त्यांनी आईशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"गुलामचोर, काकू," आई म्हणाली. मग पुढं म्हणाली, "हे नऊ वेळा झाले." आणि तिनं माळवद्यांकडं हात केला.

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. "नऊ वेळा? अगं बाई," म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि हंडा नळाखालून काढला. एवढंच. बारशाचं त्या काही बोलल्या नाहीत आणि आईनंही काढलं नाही. दुकानासमोर दोघंतिघं हसले, एकजण मागं वळून काहीतरी पुटपुटला, ते आम्ही ऐकलं नाही. दुकानदारानं गोळ्यांची पुडी बांधताना जास्तीच्या दोन टाकल्या. परत येताना आई मधूनमधून हसत होती. तिचा हात आता गार नव्हता.

पुढं कितीतरी वर्षांनी, माळवदे गेल्यावर, आईनं मला सांगितलं की माझा निर्णय त्यांना पहिल्याच दिवशी कळला होता. मामीनं सोमवारी पाण्याचे तांबे देतानाच सांगून टाकलं होतं, की हेमा यायची नाही म्हणते. आईला रडू आलं होतं. परत जाऊ, असंही ती म्हणाली होती. पण माळवदे म्हणाले, आलोय तर पाच दिवस राहू, पोरीला माझ्याशी खेळू तर दे. एवढे दिवस ते माझ्या शेजारी बसून पानं ओढत राहिले ते हे सगळं माहीत असून, मी जाणार नाही असं धरून चालून.

शनिवारी सकाळी मामा आम्हाला फाट्यावर सोडायला आला. मी नुसती पोचवायला चाललेय असं सगळ्यांना वाटत होतं, कारण माझ्या हातात बॅग नव्हती. मलाही तसंच वाटत होतं. गाडी आली. मामानं बॅगा वर चढवल्या. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून चढली, माळवदे चढले, आणि त्यांच्या मागून मी चढले. का चढले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मामा खालून काहीतरी म्हणत होता. मी खिडकीतून त्याला सांगितलं, की माझे कपडे विलासकडून पाठवून दे. तो तोंड उघडं टाकून तसाच उभा राहिला. मग त्यानं हात वर केला.

आई खिडकीशी होती, मी मधे, माळवदे कडेला. आईनं नुसतं सरकून मला जास्त जागा करून दिली.

कंडक्टर आला. त्यानं माळवद्यांना ओळखून सलाम केला. "साहेब, तुमचा पास?"

"हा माझा पास," माळवदे म्हणाले. "आणि ह्यांचं एक फुल..." तिथं ते अडले. कंडक्टर पेटीवर बोट ठेवून वाट बघत होता. माळवद्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते समोरच्या सीटच्या दांडीकडं बघत राहिले.

"आणि एक हाफ," मी म्हणाले. "कोल्हापूर."

कंडक्टरनं तिकिटं फाडून दिली. माळवद्यांनी आईचं तिकीट तिच्याकडं दिलं. माझं मात्र त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं, खिशाचं बटण लावलं आणि कोल्हापूर येईपर्यंत दोनदा हात लावून ते आहे ना, ते बघितलं.